‘चावरा’ आणि ‘चावला’

मराठीत ‘चावरा’ हे विशेषण आहे आणि ‘चावला’ हे क्रियापद. व्याकरणाच्या तासाला हा फरक एका वाक्यात सांगून होतो. प्राण्यांच्या निवाऱ्यात मात्र याच फरकावर एखाद्या कुत्र्याचे उरलेले आयुष्य ठरते, आणि त्याला घरी नेणाऱ्या कुटुंबातील लहान मुलाची सुरक्षितताही. क्रियापदाला प्रश्न विचारता येतात : कोणाला चावला, केव्हा, कोठे, त्याआधी काय घडले होते, दात नुसते टेकले की रुतले? विशेषणाला यांपैकी एकही प्रश्न विचारता येत नाही. ते नामाला चिकटते आणि मग नाम जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर जाते.

वर्तनाच्या तक्रारी मागे असलेल्या निवाऱ्यातील कुत्र्याला पुन्हा घर द्यावे की नाही, हा पशुवैद्यकांचा आणि स्वयंसेवकांचा प्रश्न आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे तो असा, की या प्रश्नाचा निर्णय बहुतेक वेळा एका मजकुरावरून होतो. पिंजऱ्याला लावलेले कार्ड, सोडून जाणाऱ्या मालकाने सांगितलेली हकीकत, दत्तक देण्यासाठी लिहिलेली जाहिरात हे सारे व्यक्तिचित्रणाचेच प्रकार आहेत. ज्याचे चित्रण होते, त्याला मात्र त्यात दुरुस्ती सुचवता येत नाही.

स्वभावाविषयीचा आपला भाषिक वारसा या बाबतीत फारसा उदार नाही. ‘स्वभावाला औषध नाही’ हे आपण माणसांविषयी म्हणतो, आणि त्यासाठी दाखला देतो तो कुत्र्याचा : शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवण्यात धन्यता मानतो, आणि तरीही ‘कुत्रा’ ही आपल्याकडे शिवी आहे. पूज्यता आणि तुच्छता एकाच अंगणात नांदतात. दोहोंच्या मध्ये जो प्रत्यक्ष प्राणी उभा आहे, त्याच्याकडे पाहण्याची गरज मग फारशी कोणाला वाटत नाही.

असे पाहण्याची सक्ती एकदा एका न्यायालयाने केली. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या सरी काउंटीत, मायकेल व्हिक या नामवंत फुटबॉलपटूच्या मालमत्तेवर छापा पडला आणि कुत्र्यांच्या झुंजींचा धंदा उघडकीस आला. पन्नासच्या आसपास पिट बुल जप्त झाले. व्हिकने गुन्हा कबूल केला आणि डिसेंबर २००७ मध्ये त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली. झुंजीतून सोडवलेली कुत्री मारून टाकायची, हा तोवरचा रिवाज होता, आणि प्राण्यांच्या बाजूने लढणाऱ्या मोठ्या संघटनांचेही मत या वेळी त्याच दिशेचे होते. ‘झुंजीचा कुत्रा’ या दोन शब्दांत सगळा निकाल आलेला होता.

येथे मात्र न्यायालयाने कुत्र्यांच्या संगोपनासाठी व्हिककडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर घेतले आणि कायद्याच्या प्राध्यापिका रेबेका हस यांना कुत्र्यांच्या पालक म्हणून नेमले. त्याआधी तज्ज्ञांच्या एका चमूने ४९ कुत्री एकेक करून तपासली होती. प्रत्येकाचे स्वतंत्र टिपण झाले. आक्रमकतेमुळे मारावे लागेल असा निर्वाळा त्यांतल्या फक्त एका जनावराबाबत द्यावा लागला. बरीचशी कुत्री हिंस्र असण्याऐवजी भेदरलेली निघाली. माणूस जवळ आला की जमिनीला पोट चिकटवून पडून राहणारी. शेवटी ४७ कुत्री वाचली. त्यांतली २२ उटा राज्यातील बेस्ट फ्रेंड्स या अभयस्थानाकडे गेली, बाकीची इतर संस्थांकडे.

पुढे काय झाले, हे सांगताना जॉनी जस्टिस या कुत्र्याचे नाव नेहमी घेतले जाते. सॅन फ्रान्सिस्कोतील एका घरात तो रुळला, आणि वाचताना अडखळणारी मुले शांतपणे बसून ज्याला पुस्तक वाचून दाखवतात असा श्रोता झाला. गोष्ट खरी आहे आणि कोणालाही आवडावी अशीच आहे. परंतु तेवढीच सांगून थांबणे म्हणजे एका विशेषणाच्या जागी दुसरे बसवणे. त्याच तुकडीत लुकस होता आणि मेरिल होती. लुकस माणसांशी अतिशय प्रेमळ, पण झुंजीतला विजेता. मेरिल अनोळखी माणसांशी आक्रमक वागणारी. या दोघांना कोणत्याही घरी देऊ नये, त्यांनी आयुष्यभर अभयस्थानातच राहावे, असा न्यायालयाचा आदेश होता. ती तेथे राहिली, त्यांच्यावर माया करणारी माणसे त्यांना मिळाली, पण घर मिळाले नाही. मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो. जॉनीला घर आणि मेरिलला कुंपण, हे दोन्ही निर्णय एकाच पद्धतीने झाले. प्रत्येक कुत्रा प्रत्यक्षात काय करतो, हे पाहून झाले.

पाहण्याची ही रीतही निर्दोष नसते, हेही मान्य करायला हवे. निवारा ही जागाच अशी आहे, की तेथे दिसणारे वर्तन त्या जागेचेही असते. सततचे भुंकणे, फिनेलचा वास, रोज बदलणारी माणसे, शेजारच्या पिंजऱ्यातून येणारी भीती. जेवणाच्या भांड्यात काठीला लावलेला खोटा हात घालून कुत्रा गुरगुरतो का हे पाहण्याची चाचणी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे वापरली गेली. तीत नापास झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मीच पुढे घरी गेल्यावर अन्नावरून आक्रमक झाली, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. २०१६ मध्ये पॅट्रोनेक आणि ब्रॅडली या संशोधकांनी तर अशा चाचण्यांची तुलना नाणेफेकीशी केली. एका भेदरलेल्या मिनिटातून स्वभाव वाचू पाहणे म्हणजे कादंबरीचे एकच पान उघडून नायकाविषयी निबंध लिहिणे होय.

मग यावर उपाय म्हणून निवाऱ्यांच्या जाहिरातींतून जी दुसरी गोष्ट सांगितली जाते, तिच्याविषयी मला अधिक तक्रार आहे. ‘बिचाऱ्याने फार सोसले आहे, त्याला फक्त प्रेम हवे आहे.’ कुत्रा काठी पाहून दबला की त्याला कोणीतरी काठीने मारले असणार, पुरुषांना घाबरला की त्याचा मालक दारुडा असणार, असे पूर्वायुष्य रचले जाते. कधी ते खरेही असते. पण पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत ज्याला माणसे, आवाज, वस्तू, वाहने यांची ओळखच झाली नाही, असा कुत्राही नेमका असाच वागतो, आणि त्याला कोणी बोटही लावलेले नसते. ज्या संहितेत जे नाही ते तिच्यात वाचू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. येथे तर त्या वाचनाचे परिणाम प्रत्यक्ष हाडामांसावर होतात. दुष्ट मालकाच्या कथेवर विश्वास ठेवून आलेले कुटुंब कृतज्ञतेची वाट पाहत बसते. तिसऱ्या आठवड्यात कुत्रा गुरगुरतो, तेव्हा त्यांना तो विश्वासघात वाटतो, आणि कुत्रा परत येतो. आता त्याच्या कार्डावर आणखी एक विशेषण चढलेले असते.

चावल्याची नोंद दडवून कुत्रा देणे हा तर याच दयेचा सर्वांत वाईट प्रकार. कुत्र्याच्या चाव्यात मुले अधिक सापडतात, आणि पुष्कळदा तो कुत्रा ओळखीचाच असतो. मूल उंचीने लहान असल्यामुळे जखम चेहऱ्याला होते. ‘एक संधी द्यायला हवी होती’ हे वाक्य त्या मुलाच्या आईसमोर उच्चारता येणार नसेल, तर ते कार्ड लिहितानाही मनात येऊ देऊ नये.

याला पर्याय आहे, आणि तो भाषेचाच आहे. कार्डावर क्रियापदे लिहावीत. ‘आक्रमक’ असे न लिहिता ‘जेवताना कोणी भांड्याजवळ आले की खाणे थांबवून ताठ होतो, दोनदा गुरगुरला, एकदा हातावर दात टेकले, रक्त आले नाही’ असे लिहावे. ‘प्रेमळ’ असे न लिहिता ‘ओळखीच्या दोन स्त्रियांजवळ स्वतःहून येऊन बसतो’ असे लिहावे. जे पाहिले ते पाहिले म्हणून, जे मालकाने सांगितले ते सांगितले म्हणून, आणि जे माहीत नाही त्याची जागा कोरी. अशा वर्णनातून घरी नेणाऱ्याला काहीतरी करता येते. भांडे वेगळ्या खोलीत ठेवता येते, मुलांना त्या वेळी दूर राखता येते, कुत्र्याला हळूहळू मुसक्याची सवय लावता येते. ‘आक्रमक’ या शब्दाचे काय करणार? एक तर घाबरायचे, नाही तर तो खोटा ठरवायला निघायचे.

गुरगुरणे हेही विधानच आहे, हे या रीतीने ध्यानात येते. कुत्रा जे सांगतो आहे ते दंड करून बंद पाडले, तर कारण जात नाही, फक्त सूचना जाते. आणि मग लोक म्हणतात, काही कळायच्या आत चावला. अन्न राखणाऱ्या कुत्र्याला शिकवण्याची मान्य पद्धत अशी, की जवळ येणारे माणूस काही काढून घ्यायला येत नाही, उलट अधिक चांगले काही घालायला येते, हे त्याला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यायचे, आणि तेही सुरुवातीला सुरक्षित अंतरावरून. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून भूतदयेचा दाखला म्हणून ऐकत आलो. भाकरी परत मागायला न जाता तीत भर घालायला जाणे, ही तिची मांडणी वर्तनशास्त्राच्या दृष्टीनेही मुळीच भाबडी नाही. धावण्याऐवजी दूर थांबावे, एवढीच दुरुस्ती!

महाभारतातला युधिष्ठिराचा कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. स्वर्गाच्या दाराशी त्याने सोबतच्या कुत्र्याला सोडण्यास नकार दिला, हे औदार्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. पण त्याच ग्रंथाच्या आदिपर्वात आणखी एक कुत्रा येतो. जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या सरमेच्या पिल्लाला राजाचे भाऊ मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. आई येऊन विचारते, याचा अपराध काय? त्यावर कोणी काहीच बोलत नाही, आणि ती राजाला शाप देते : नकळत भय तुझ्यावर येईल. मला युधिष्ठिराच्या त्यागापेक्षा सरमेचा प्रश्न आजच्या कामाचा वाटतो. तिने पिल्लासाठी दया मागितली नाही, तपशील मागितला.

तपशील मागितल्यावर उत्तर प्रत्येक वेळी सुखाचे येईल, असे मात्र नाही. कुट्झींच्या ‘डिसग्रेस’ (१९९९) या कादंबरीत डेव्हिड ल्यूरी ज्या कुत्र्यांच्या अखेरच्या क्षणी सोबत राहतो, त्यांचा दोष एवढाच, की ती कोणालाही नको आहेत. वर्तनामुळे अडकलेल्या कुत्र्यांची स्थिती याहून अवघड असते. काहींना खरोखरच कोणत्याही साध्या घरात देता येत नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी दयामरणाची तरतूद आहे ती असाध्य आजाराच्या आणि प्राणघातक जखमांच्या बाबतीत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दिल्ली परिसरातील कुत्री नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे म्हटले, पण रेबीज झालेली किंवा आक्रमक वर्तनाची कुत्री त्यातून वगळली. म्हणजे ‘आक्रमक’ या एका शब्दाने कुत्रा मोकळ्या रस्त्यावरून पिंजऱ्यात जाऊ शकतो, आणि तेथे किती वर्षे राहील, हे त्या शब्दात लिहिलेले नसते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही, अशा देशात सावधगिरीला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु हा शब्द कोणी, कशावरून, किती वेळ पाहून लिहिला, हे विचारण्याचा हक्क सावधगिरीमुळे संपत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक निवाऱ्याने कुत्र्याचा पूर्वेतिहास घटनांच्या भाषेत लिहावा आणि तो नेणाऱ्याच्या हाती लेखी द्यावा. लहान मुले असलेल्या घरी कोणता कुत्रा द्यायचा नाही, हे स्पष्ट सांगावे. न जमल्यास कुत्रा परत आणणाऱ्याला अपराधी ठरवू नये, कारण त्याने आणलेली माहिती पुढच्या घरासाठी मोलाची असते. ज्यांना घर देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मेरिलला मिळाले तसे माणसांच्या सहवासाचे कुंपण उभारता येते का, हे पाहावे. आणि आपल्यापैकी ज्यांना वाक्य नीट लिहिता येते, त्यांनी जवळच्या निवाऱ्यात जाऊन महिन्यातून एक सकाळ कार्डे लिहायला द्यावी. तेथे लिहिणाऱ्यांची कमतरता असते, आणि चाळीस शब्दांत एका जीवाविषयी खरे तेवढेच लिहिणे हे आपल्या वर्गात शिकवले जाते त्याहून सोपे नाही.