उसन्या नांवाचा गौरव

झाडीपट्टी रंगभूमीवरील नट श्री. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां वृत्तपत्रांनीं त्यांची ओळख 'विदर्भाचे दादा कोंडके' अशी करून दिली. दादांची थोरवी आम्हांस मान्यच आहे. परंतु सुमारें ८०० भूमिका व ५,००० हून अधिक प्रयोग करणाऱ्या नटास स्वतःचें नांव पुरत नाहीं काय? दादांस 'मुंबईचे खुणे' म्हणण्याचें धाडस कोणी करील काय? कोहमाऱ्याच्या परिसरांतील रसिक कडाक्याच्या थंडींत रात्रभर नाटकास बसतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोंचणाऱ्या आवाजासाठीं व क्षणांत पालटणाऱ्या मुद्रेसाठीं. ती कला शहरी मापानें मोजणें हा निव्वळ आळस होय. समीक्षकांनीं आधीं प्रयोग पहावा, मग उपाधी द्यावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे.