तेलाची नाडी कोठे पाहावी?

वैद्य रोग्याची नाडी मनगटावर पाहतो. कोपर अधिक जवळ आहे म्हणून तो कोपर धरून बसत नाही. ही साधी गोष्ट आपणां सर्वांस पटते. परंतु यंत्राच्या बाबतीत आपण तिचा हटकून विसर पडू देतो.

हल्ली पुष्कळ मालक आपल्या टर्बो बसविलेल्या मोटारीत तेलाचा दाब व उष्णता दाखविणारे काटे हौसेने लावून घेतात. काटा समोरच्या फळीवर कोठे शोभेल, याची चर्चा घरोघर होते. पण त्या काट्यास बातमी पुरविणारा सेन्सर इंजिनाच्या कोणत्या जागी बसवावा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच होय. मी कलाशाखेचा पदवीधर. ‘गुरुजींनी कविता शिकवावी, इंजिनात हात घालू नये,’ असे कोणी म्हणेल. परंतु हा धडा मी पुस्तकातून नव्हे, अणशीच्या घाटात शिकलो.

2023 सालच्या पावसाळ्यात आमच्या आईच्या छातीत कळ आली. धाकट्या भावाने आपली जुनी डिझेल गाडी काढली आणि आम्ही कुंभारवाड्याहून कारवारकडे निघालो. गाडीला नवा काटा होता. तो बसविताना कारागिराने कारखान्यातून आलेला तेलाच्या दिव्याचा स्विच काढून टाकला होता आणि त्याच भोकात पितळी जोड लावून त्यावर जड सेन्सर लटकत ठेवला होता. अर्ध्या घाटात काटा शून्यावर आला. दिवा पेटला नाही, पेटणार कसा? भाऊ म्हणाला, “दादा, काटो बिघडला दिसता.” मीही होकार दिला. पुढे दोन वळणांनंतर टर्बो किंचाळला आणि गाडी थांबली. हादऱ्यांनी पितळी जोड तडकून सारे तेल रस्त्यावर सांडले होते. भोवती व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य, वरून पाऊस आणि फोनला रेंज नाही. सुदैवाने एक बस आली. आई आज सुखरूप आहे. पण त्या वळणावरचा एक तास मी विसरलेलो नाही.

आता तेलाचा मार्ग पाहू. इंजिनाच्या तळाशी चेंबर असते. तेथून पंप तेल ओढतो, ते फिल्टरमधून गाळून मुख्य वाहिनीत जाते आणि तेथून बेरिंगांना व टर्बोला वाटले जाते. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली पेटंट केली. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरते व ते इंजिनात जादा हवा कोंबते. या चक्राचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. तो पापुद्रा क्षणभर नाहीसा झाला तरी धातूवर धातू घासतो. शिवाय टर्बो ही आता केवळ शर्यतीची वस्तू राहिलेली नाही. 2017 साली बाजारात आलेली, पुण्याजवळ रांजणगावी तयार होणारी टाटा नेक्सॉन पेट्रोल व डिझेल या दोन्ही प्रकारांत टर्बो घेऊनच आली. तेव्हा हा विषय आता सामान्य कुटुंबाचा झाला आहे.

मग सेन्सर बसवावा कोठे? दाबासाठी फिल्टरनंतरची मुख्य वाहिनी हीच योग्य जागा, कारण बेरिंगांना प्रत्यक्ष मिळणारा दाब तेथे कळतो. बहुधा कारखान्याचा स्विचही तेथेच असतो. तो काढू नये. बहुतेक गाड्यांत दिवा सुमारे अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली पेटतो, म्हणजे तो उशिरा बोलतो, हे खरे. पण उशिरा बोलणारा साक्षीदारसुद्धा गप्प करू नये. तेथून लवचीक होज काढून सेन्सर गाडीच्या अंगावर पक्का आवळावा, म्हणजे हादऱ्याने जोड तडकत नाही. अशा वेळी सेन्सरला अर्थची वेगळी तार द्यावी लागते, हे विसरू नये. टर्बोला तेल नेणाऱ्या बारीक नळीत जोड घालण्याचा मोह काहींना होतो. तेथे गळती झाली तर सर्वांत नाजूक भागच आधी उपाशी राहील. टर्बोतून परतणाऱ्या नळीत तर दाब नसतोच. तेथे तेल फेसाळत आपल्या वजनाने खाली उतरते.

उष्णतेची गोष्ट थोडी निराळी आहे. चेंबरच्या ड्रेन नटाच्या जागी सेन्सर लावणे सोपे. पण तोच गाडीचा अगदी खालचा भाग असतो आणि आपल्या रस्त्यावरचे दगड त्याला सोडणार नाहीत. चेंबरच्या कडेला जागा असल्यास ती बरी. फिरवून लावायचा फिल्टर असल्यास त्याच्या व इंजिनाच्या मध्ये बसणारी भोकांची चकती मिळते, तीही उत्तम. एरवी 90 ते 110 अंश सेल्सियस दाखविणारा काटा घाटात 130 च्या पुढे जाऊ लागला, तर थांबावे हे शहाणपणाचे.

फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी वाकड्या नळीच्या दाबमापकाचे पेटंट 1849 साली घेतले. तेव्हापासून मापके पुष्कळ सुधारली. पण चुकीच्या जागी बसविलेले मापक खरे सांगेल, असा शोध अद्याप कोणी लावलेला नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण पुढे आयटीआयला जातील, काही जण स्वतःची गाडी चालवतील. हात घालण्यापूर्वी विचारा: मला नेमके काय जाणून घ्यायचे आहे आणि ते कोठे कळेल? सोयीची जागा आणि सत्याची जागा नेहमी एकच नसते. आणि काटा शून्य दाखवू लागला तर ‘काटा बिघडला’ असे म्हणण्याआधी गाडी थांबवा. काटा खोटा ठरला तर पाच मिनिटे जातील. खरा ठरला तर कोणाची तरी आई वेळेवर पोहोचेल.