नकाराची सही

बँकेच्या नोकरीत मी कर्जाचे कितीतरी अर्ज नामंजूर केले. बहुतेक विसरलो, एक मात्र विसरता येत नाही. १९८९ च्या सुमाराची गोष्ट. सिनेमाच्या गाण्यांना व्हायोलिनची साथ करणारे एक गृहस्थ आमच्या शाखेत आले. त्यांच्या मुलाला युरोपातल्या एका नामवंत संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला होता. मी विचारले, ‘‘तारण काय देणार?’’ शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे बघून ते म्हणाले, ‘‘साहेब, हाच.’’ नियमात ते बसणारे नव्हते. मी नकाराची सही केली.

निवृत्तीनंतर या विद्यालयांचा इतिहास वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर थबकलो. ज्या ‘कॉन्झर्व्हेटरी’ शब्दाचा आज एवढा दबदबा आहे, त्याचा मूळ अर्थ सांभाळघर! सोळाव्या शतकापासून नेपल्समध्ये अनाथ मुलांसाठी अशी चार घरे निघाली. चर्चमध्ये आणि मिरवणुकांत गाऊन मुलांनी संस्थेला चार पैसे मिळवून द्यावेत म्हणून त्यांना गाणे शिकवले जाई. शिक्षण इतके उत्तम निघाले की पुढे खातीपिती घरेही पैसे भरून मुले पाठवू लागली. व्हेनिसमध्ये तर टाकून दिलेल्या मुलींना व्हायोलिन शिकवायला १७०३ मध्ये विवाल्डीसारखा गुरू लाभला. ज्यांना कुणी नव्हते, त्यांच्यासाठी उघडलेले हे दार होते.

मग त्या दाराला कड्या लागल्या. १७९५ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसचे विद्यालय स्थापन झाले. १८२३ मध्ये तिथे बारा वर्षांचा फ्रान्झ लिस्ट आला. परदेशी म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. परत पाठवणारे संचालक केरुबिनी स्वतः मूळचे इटालियन! १८३२ मध्ये मिलानच्या विद्यालयाने अठरा वर्षांच्या व्हेर्दीला नाकारले. वय जास्त होते, शिवाय तो दुसऱ्या राज्यातला. आज त्याच विद्यालयाला व्हेर्दीचे नाव आहे.

आम्हा बँकवाल्यांना वाटते, सगळे पैशापाशी अडते. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटने ती अडचण दूर करून दाखवली. मेरी लुईस कर्टिस बोक या बाईंनी १९२४ मध्ये ही संस्था काढली आणि मोठा निधी तिच्या नावे ठेवला. १९२८ पासून तिथे शिकवणीची फी नाही. लिओनार्ड बर्नस्टाइन तिथलाच. पण फी नसली तरी दार सर्वांना सारखे उघडते का? १९५१ मध्ये युनीस वेमन नावाची कृष्णवर्णी मुलगी तिथे पियानोची परीक्षा द्यायला गेली. तिच्या शिक्षणासाठी गावच्या लोकांनी वर्गणी काढली होती. तिला प्रवेश मिळाला नाही. जॉर्ज वॉकर हा कृष्णवर्णी विद्यार्थी १९४५ मध्ये तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडला होता, हे खरे. पण आपल्याला रंगामुळेच नाकारले, असे ती अखेरपर्यंत म्हणत राहिली. पोटासाठी बारमध्ये वाजवता वाजवता ती नीना सिमोन झाली. २००३ मध्ये कर्टिसने तिला मानद पदवी दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी ती गेली.

लिस्ट, व्हेर्दी, सिमोन नकार पचवून मोठे झाले, म्हणून आपण या गोष्टी मिटक्या मारत सांगतो. खरा गुण कुठेही चमकतोच, असे म्हणून मोकळे होतो. नकार देणाऱ्याला यासारखे सोयीचे वाक्य नाही. जे चमकले नाहीत, त्यांची नोंद कोणत्या खातेवहीत आहे? विद्यालयाची थोरवी आपण तिथून बाहेर पडलेल्या नावांवरून मोजतो. तिने कुणाकुणाला आत येऊ दिले, हेही मोजायला हवे. आणि गुणी मुलाचे तारण एकट्या बापाने का द्यावे? युनीसच्या गावाने वर्गणी काढली, ती मला कोणत्याही मोठ्या देणगीइतकीच मोलाची वाटते.

ते गृहस्थ पुढे कित्येक वर्षे पासबुक भरून घ्यायला शाखेत येत. काउंटरपलीकडून हसून नमस्कार करत. ‘मुलगा काय करतो?’ हा साधा प्रश्न विचारण्याचे धैर्य मला एकदाही झाले नाही.