बारा जण आणि एक शिट्टी



माझा धाकटा भाऊ हिंजवडीला प्रोग्रॅमर आहे. म्हणजे संगणकाने काय काय करायचं, त्याची आज्ञावली लिहितो. दिवाळीत घरी आला तेव्हा म्हणाला, "ताई, आमच्या ऑफिसात पार्टी आहे. बारा जण आहोत. एखादा खेळ सांग ना. पण संगणक नको, मोबाईल नको. दिवसभर तेच असतं!"

मी म्हटलं, खो-खो खेळा. तो नुसता हसला.

मग बसले विचार करत. बारा जणांत लुडोसारखा खेळ घेतला, तर आपली पाळी येईपर्यंत चहा गार! म्हणजे सगळ्यांनी एकदमच खेळायला हवं. आणि प्रोग्रॅमरचं काम कसं असतं? आज्ञा आधी लिहायच्या, मग यंत्र त्या निमूटपणे पाळणार. मध्येच "अरे थांब, थांब!" म्हणून भागत नाही. हीच गंमत खेळात आणायची, असं ठरवलं.

बाकीचं सामान आमच्या दौंडनेच दिलं. जंक्शन ना आमचं! पुणे पश्चिमेला, मनमाड उत्तरेला, सोलापूर पूर्वेच्या अंगाला आणि बारामती दक्षिणेला. कॉर्ड लाइन होण्यापूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे सोडवून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. दौंडच्या कुठल्याही आजोबांना विचारा, अर्धा तास सांगत बसतील.

शाळेच्या मैदानावर फक्कीने नऊ बाय नऊ घरं आखली. मधलं घर दौंड, चार बाजूंना चार गावं. तिघांचा एक गट. एक जण इंजिन, दोघं आज्ञा देणारे. आपल्या गावाहून निघायचं, दौंड ओलांडून समोरच्या गावाला पोचायचं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर पत्ते केले: एक घर पुढे, दोन घरं पुढे, एक घर मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. प्रत्येक गटाला सात पत्ते. त्यातले पाच निवडून ओळीने पालथे मांडायचे. मी शिट्टी वाजवली की चारही गटांनी एकेक पत्ता उघडायचा आणि इंजिनांनी तसं चालायचं. टक्कर झाली की दोघंही बाद.

चौथीच्या वर्गावर पहिला प्रयोग केला आणि पार फसला! दौंडजवळ धडाधड टकरा. दहा मिनिटांत निम्मा वर्ग पायरीवर. एक मुलगी तर म्हणाली, "बाई, मी नाही खेळत आता." पण थोड्या वेळाने तीच पायरीवरून ओरडली, "बाई, त्यांचं तिसऱ्याच पत्त्यात चुकलंय! आधी वळायला पाहिजे होतं!"

अगं, हेच तर प्रोग्रॅमर दिवसभर शोधतात, नेमकं कुठे चुकलं ते!

त्या संध्याकाळी 'बाद' हा शब्दच खोडला. आता टक्कर झाली की दोघंही आपापल्या मागच्या घरात जातात, पण उरलेले पत्ते पाळावेच लागतात. मग मनमाडला निघालेलं इंजिन भलतीकडेच! डाव संपल्यावर कोणता पत्ता चुकला हे गटाने ओळखलं, तर एक घर पुढे, बक्षीस.

भावाला फोन केला तर म्हणाला, असा एक खेळ आहेच. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाचा 'रोबोरॅली', १९९४ साली बाजारात आला. त्यातही नऊ पत्त्यांतून पाच आधीच मांडतात. म्हणजे मी काही पहिली नाही! पण त्यात यंत्रमानवाला मार बसला की पत्ते कमी मिळतात. ते मला नाही पटलं. आधीच मागे पडलेल्याला आणखी मागे कशाला ढकलायचं?

पार्टीत काय झालं माहितेय? रोज आज्ञावली लिहिणारी ही मंडळी, पण समोरून येणाऱ्या इंजिनाचं डावं म्हणजे आपलं उजवं, हेच विसरली. दोन इंजिनं थेट खुर्च्यांच्या ढिगात! आमची चौथीसुद्धा नेमकी इथेच चुकली होती.

आता तुम्ही सांगा. इंजिन दौंडच्या घरात, तोंड पुण्याकडे. पत्ते असे: उजवीकडे वळ, दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक घर मागे, डावीकडे वळ. इंजिन कुठे थांबलं आणि तोंड कुठल्या गावाकडे? आई-बाबांनाही सोडवायला द्या, पण कागद-पेन्सिल देऊ नका हं! उत्तर पुढच्या अंकात.

तुमच्या बाई