रांगेत उतरणारी बॅटरी

अंबड तालुक्यात अंकुशनगरला समर्थ कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला, की गाडीतळावर उसाच्या ट्रकांची रांग लागते. रात्री पुढची गाडी काट्याकडे सरकते, मागचा ड्रायव्हर किल्ली फिरवतो आणि सेल्फ नुसता कुरकुरतो. मग धक्का मारा, नाहीतर नंबर सोडा. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, वजन घटते. घाबरून मालक सकाळी नवी बॅटरी आणतो. महिनाभर गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच!

ट्रकमालक बंधूंनो, बॅटरीला दोष देण्याआधी तुमच्या गाडीतला टेप कुठून जोडला आहे ते पाहा.

जुन्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. टेप मात्र १२ व्होल्टचा. वायरमन सोपा मार्ग काढतो आणि एकाच बॅटरीवरून वायर ओढतो. रात्रभर रांगेत गाणी वाजतात, मोबाईल चार्ज होतात, आणि तेवढी एकच बॅटरी उतरते. अल्टरनेटरला मात्र दोन्हींची बेरीजच कळते. त्यामुळे उतरलेली बॅटरी अर्धपोटी राहते आणि दुसरीला नको इतके चार्जिंग जाऊन तिचे पाणी आटते. एक उपाशी, एक अजीर्णाने आजारी. दोन्ही जातात.

ओळखायचे कसे? गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. दोघींत ठळक फरक दिसला, तर आधी ती वायर काढा. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवून टेप त्यावर घ्या. बॅटऱ्या बदलायच्याच असतील तर जोडीने बदला. जुनीशेजारी नवी बसवू नका.

दोन्ही सारख्याच उतरल्या असतील, तर इंजिन चालू करून दोन्हींचे मिळून मोजा. २७.५ ते २८.५ आले तर चार्जिंग ठीक. २५ च्या पुढे काटा जात नसेल तर प्रथम पट्टा ढिला आहे का पाहा, मग टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि इंजिन ते चासीची अर्थिंगची पट्टी. गंजलेली पट्टी घासून घट्ट केली, की कित्येकदा काम भागते. ३० च्या वर गेले तर कटआउट बिघडला समजा.

चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली? मग वीज कुठेतरी झिरपते आहे. इंजिन व सगळे स्विच बंद करा, अर्थिंगची केबल बॅटरीपासून सोडवा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये २४ व्होल्टचा पार्किंगचा छोटा बल्ब जोडा. तो पेटला तर एकेक फ्यूज काढत चला. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, गळती त्या वायरीत. सगळे फ्यूज काढूनही पेटताच राहिला, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. तेव्हा विझला तर त्याचा डायोड गेला आहे.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल मात्र कधीही काढू नका. पूर्वीच्या डायनॅमोच्या गाड्यांवर शिकलेले काही जुने मिस्त्री अजून तशी परीक्षा घेतात; अल्टरनेटरचे डायोड त्याने जळतात. आणि पाणी बघायला बॅटरीवर वाकाल, तेव्हा तोंडातली बिडी आधी टाका.