काळाची चाळणी की कंपनीचं गोदाम?

संगीताच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं: जे खरंच चांगलं होतं ते टिकलं, बाकीचं काळाने गाळून टाकलं. वाक्य ऐकायला भारदस्त आहे आणि म्हणणाऱ्याच्या सोयीचंही. कारण मग विसरल्या गेलेल्या ध्वनिमुद्रिका काढून ऐकण्याची तसदी घ्यावी लागत नाही. त्या विसरल्या गेल्या हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा.

हा पुरावा किती टिकाऊ आहे ते चरणजित सिंग यांच्या एका तबकडीवरून पाहता येतं. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदात वर्षानुवर्षं वाजवणाऱ्या या वादकाने 1982 मध्ये ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ काढली. हाताशी जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, ताल देणारं टीआर-808 आणि बेसचे सूर काढणारं टीबी-303. भैरव, ललित, तोडी, मालकंस, बैरागी असे दहा राग त्याने डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने तबकडी बाजारात आणली आणि ती पडली. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली, 2010 मध्ये त्याने ती पुन्हा प्रकाशित केली आणि युरोपात गहजब झाला. कारण ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून शिकागोत जो प्रकार गाजला, त्याचं आद्य मानलं जाणारं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ 1987 चं. आणि त्यातलं टीबी-303 मुंबईत पाच वर्षं आधीच भैरव वाजवत होतं. चरणजित सिंग उतारवयात युरोपच्या मंचांवर जाऊन वाजवून आले. 2015 मध्ये ते वारले.

आता काळाच्या चाळणीवाल्यांना विचारायला हवं की चाळणीचा निकाल कोणता धरायचा, 2009 चा की 2011 चा? तबकडीतला एक सूरही बदललेला नव्हता. बदलली होती ती फक्त उपलब्धता. पहिला निकाल गुणवत्तेचा नव्हताच. तो दुकानातल्या फळीचा, आकाशवाणीच्या निवडीचा आणि कंपनीच्या गोदामाचा होता.

पण याच उदाहरणावर उभा राहणारा दुसरा पक्षही तितकाच लंगडा आहे. हा संग्राहकांचा पक्ष. जे दुर्मीळ ते थोर, जे सर्वांत आधी झालं ते श्रेष्ठ, असा त्यांचा हिशेब. चरणजित सिंग यांची तबकडी ‘पहिली’ होती म्हणून मोठी ठरवणं हा तिच्यावर अन्यायच आहे. तिचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. टीबी-303 मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून ते यंत्र बनवलेलं. रागसंगीतात वाढलेल्या कानाला त्या घसरणीत मींड ऐकू आली. आलाप नाही, विस्तार नाही, पट्टीच्या सुरांमुळे श्रुतींचा प्रश्नच नाही, तरी राग ओळखू येतो आणि ठेकाही ढळत नाही. हे कौतुक यंत्राचं नसून ते वापरणाऱ्याच्या तालमीचं आहे.

उलट शंकर-जयकिशन यांची 1968 ची ‘रागा जॅझ स्टाइल’ घ्या. रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, अकरा राग. संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. ऐकायला मौज येते यात शंका नाही. पण रागाची धून सांगून मोकळं व्हायचं आणि मग वाद्यांनी आळीपाळीने खेळायचं, ही एकच युक्ती अकरा वेळा ऐकावी लागते. चौथ्या-पाचव्या रागानंतर पुढे काय येणार ते कळलेलं असतं. ती दुर्मीळ आहे, देखणी आहे, अभिजात नाही.

तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा आणि त्यातल्या त्यात वजनदार: आपल्याकडे अल्बमची परंपराच नाही, आपण सुटं गाणं ऐकणारे लोक, भावगीतांचे आणि विविधभारतीचे. मग सबंध तबकडीला अभिजात म्हणण्यात अर्थ काय? याला उत्तर शोधायला मराठी माणसाने लांब जायला नको. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण आठवड्याला एक गाणं असं वर्षभर चाललं, छप्पन्न गाण्यांची एक सलग गोष्ट म्हणून लोकांनी ते ऐकलं. 1974 च्या ‘शिवकल्याण राजा’त बाबासाहेब पुरंदरे यांचं निवेदन काढून टाकलं तर गाणी उरतील, पण ती ध्वनिमुद्रिका उरणार नाही. क्रमाने, अखंड ऐकण्याची सवय आपल्याला होती. ती मोडली हा परंपरेचा दोष म्हणता येणार नाही.

या सवयीने जे ऐकायला हवं होतं आणि ऐकलं गेलं नाही, त्यात सर्वांत वरचं नाव ‘एक होता विदूषक’चं. 1992 चा जब्बार पटेल यांचा चित्रपट, लेखन पु. ल. देशपांडे यांचं, गीतं ना. धों. महानोर यांची, संगीत आनंद मोडक यांचं. लक्ष्मीकांत बेर्डे पोट धरून हसवणार या अपेक्षेने आलेला प्रेक्षक हिरमुसून गेला, चित्रपट चालला नाही, आणि त्याच्यासोबत गाणीही बुडाली. दिग्दर्शक तोच, कवी तोच, आशा भोसले आणि रवींद्र साठे हे आवाजही तेच असलेला ‘जैत रे जैत’ (1977) मात्र घराघरांत पोचला होता. हृदयनाथ मंगेशकर यांच्या त्या कामाच्या मोठेपणाबद्दल वाद नाहीच. पण त्याच्या सावलीत मोडकांचं काम झाकलं गेलं.

आणि मोडकांचं काम अवघड होतं. गोष्ट एका सोंगाड्याची: तमाशाच्या फडातून सिनेमात, तिथून राजकारणात. म्हणजे संगीताला फडाची भाषा बोलता यायला हवी, आणि माणूस फडापासून तुटत गेला की तीही सोडता यायला हवी. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ नाटकासाठी कीर्तनाची चौकट उलटीपालटी करून वापरलेल्या या संगीतकाराला लोकरूपाची नुसती नक्कल करण्यात रस नव्हता. ‘गडद जांभळं भरलं आभाळ’ ऐकावं: लावणीचा बाज घट्ट पकडलेला, तरी शब्दांतलं आभाळ ढोलकीच्या जोरात हरवत नाही. साठीला टेकलेल्या आशाबाईंचा आवाज ठसका देतो आणि लगेच मागे सरून कवितेला जागा करून देतो. तिथून रवींद्र साठे यांच्या ‘मी गाताना गीत तुला लडिवाळा’वर यावं. फडावरचा सगळा गलका गळून गेलेला, बाप आपल्या लेकराशी बोलतोय एवढंच. ही दोन टोकं एकाच माणसाच्या आयुष्यातली आहेत. सुटी ऐकली तर दोन चांगली गाणी मिळतात, क्रमाने ऐकली तर विदूषक भेटतो. चित्रपट न पाहताही भेटतो, आणि चित्रपटसंगीताला स्वतंत्र ध्वनिमुद्रिका मानायला यापेक्षा वेगळी कसोटी कशाला लागते?

पडद्याचा आधार नसला की काय होतं त्याचं उदाहरण ‘दिल पडोसी है’. गुलजार, राहुलदेव बर्मन आणि आशा भोसले या तिघांचा 1987 चा दोन तबकड्यांचा संच, चौदा गाणी. याच तिघांचा ‘इजाजत’ चित्रपट त्याच काळातला. त्यातल्या एका गाण्याने गुलजार आणि आशाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. इकडे पडदा नव्हता, नट-नटी नव्हते, सिनेमात बर्मन यांची चलती सरलेली. म्हणून त्यांच्यावर कुणाची घाई नव्हती की प्रसंगाची सक्ती नव्हती. रागदारीच्या अंगाने जाणारी पहाट आणि पाश्चात्त्य वळणाची नाताळची रात्र एकाच संचात शेजारी राहतात. बर्मन यांच्या चाहत्यांच्या पलीकडे हा संच गेला नाही, हे खरं. पण त्यांच्या उतारकाळाबद्दल लिहिताना लोक ‘1942: अ लव्ह स्टोरी’वरच उडी मारतात आणि मधला हा मुक्काम गाळतात, ही त्यांच्या इतिहासातली चूक आहे.

गोव्यातल्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांचा ‘गोअन क्रेझी’ (1984) याच रांगेतला. मुंबईच्या कंपन्यांनी नाकारल्यावर घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रण, सगळी वाद्यं नि आवाज स्वतःचे, आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवायच्या. ध्वनी जरा भरडा आहे. पण पर्यटकांच्या जाहिरातीतला गोवा बाजूला सारून गोवेकराने स्वतःच्या गोव्याला घेतलेला चिमटा त्यात आहे, आणि त्याला आज चाळीस वर्षं झाली तरी तो लागतो.

विसरल्या गेलेल्या अभिजात ध्वनिमुद्रिकांच्या या यादीशी मतभेद जरूर व्हावेत. ‘रागा जॅझ स्टाइल’चे चाहते खवळतीलच. फक्त एक पथ्य पाळावं: आक्षेप घेण्याआधी गाण्यांची सरमिसळ करणारं बटण बंद करावं आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मूळ क्रमाने, एका बैठकीत ऐकावं. सुरुवात ‘एक होता विदूषक’पासून करावी.