'तुमच्या घराण्यातच आहे ते!'

मागच्या आठवड्यात डोंबिवलीला फडके रोडवर एक जुनी मैत्रीण भेटली. तिचे वडील कल्याणला राहतात. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, चालायलाही लागले; पण जन्मभर कॅशियरची नोकरी केलेल्या या माणसाला आता दूधवाल्याचा हिशेब जमत नाही. जेवण झालेलं विसरतात, मग चिडतात. "आधी वाटायचं, मुद्दाम करतात," ती म्हणाली. त्यातच तिच्या मुलीसाठी स्थळं बघणं चाललंय. सासूबाईंनी बजावलंय, "आजोबांचं कुणाकडे काही बोलू नकोस. तुमच्या घराण्यातच आहे ते!"

मैत्रिणींनो, हे 'घराण्यात असणं' एकदा नीट समजून घेऊ या.

झटक्यात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तो भाग हात हलवणारा असेल तर हात लुळा पडतो. आठवण, हिशेब सांभाळणारा असेल तर तिथे घोटाळा होतो. त्यात हट्ट नसतो. एक जण यातून सावरतो, दुसरा विसरत जातो. यामागे वय, बीपी, शुगर यांच्याबरोबर थोडा वाटा जनुकांचाही असतो. एपीओई नावाच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. त्याचा 'ई-४' हा प्रकार असेल तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. पण धोका म्हणजे खात्री नव्हे. हा प्रकार असूनही कित्येकांची बुद्धी शेवटपर्यंत लख्ख राहते, आणि नसलेल्यांनाही विस्मरण गाठतं.

थेट वारशाने येणारा आजारही आहे, पण तो दुर्मीळ. नॉच-३ या जनुकातल्या बिघाडाने 'कॅडासिल' होतो. अर्धशिशी, ऐन चाळिशी-पन्नाशीत झटके, पुढे स्मरणशक्ती जाणं, असा त्याचा प्रवास. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. घरात पिढ्यान्पिढ्या असं दिसत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगायलाच हवं. ते लपवलं तर आपलंच माणूस उपचारांना मुकेल.

बाकी घरांसाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहात एकाला नव्याने स्मृतिभ्रंश झाला होता. पुन्हा झटका आलेल्यांमध्ये मात्र हे प्रमाण तिघांत एकाहून जास्त होतं. म्हणजे दुसरा झटका टाळणं महत्त्वाचं, आणि ते बऱ्याच अंशी बीपीच्या गोळ्या न चुकवण्यावर, शुगर सांभाळण्यावर, तंबाखू सोडण्यावर अवलंबून आहे. जनुकं बदलता येत नाहीत, हे बदलता येतं.

म्हणून माहेरचा उद्धार थांबवू या. आजारपण हे काही घराण्याचं पाप नव्हे.

निघताना मैत्रिणीला विचारलं, "तुझं बीपी कधी मोजलंस?" ती हसली, "ठाण्याची लोकल पकडू की बीपी मोजू?"

बाई गं, एक लोकल चुकली तर चुकू दे. आधी मोजून घे.